उजवा गाल

आमच्या भावोजींना सगळं गाव हनुवटीकर म्हणायचं. स्टुडिओच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? फोटोसाठी स्टुलावर बसवलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हनुवटी जरा खाली." मग दिवा बोटभर सरकवायचा, मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा पुढे यायचं आणि म्हणायचं, "आता किंचित वर." हे इतके वेळा व्हायचं की गिऱ्हाइकाची मान आखडून जायची. शाळेतली मुलं भावोजींना रस्त्यात पाहिलं की एकमेकांच्या हनुवट्या धरून वरखाली करायची. भावोजी ते कधी मनाला लावून घेत नसत. कलावंताची थट्टा होणारच, असं म्हणून पुढे जायचे. स्वतःला ते कलावंत समजत, आणि ते होतेही. एवढं मी आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची संधी मला फारशी मिळणार नाही.

मी त्यांची मेहुणी. ताई माझ्याहून बरीच मोठी होती, म्हणजे आईच्या कडेवर कमी आणि तिच्याच कडेवर मी जास्त वाढले. आता मी दुसऱ्या शहरात कपडे शिवते. माझ्या जिभेला हाड नाही, असं भावोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. नसेल. तिथेच त्यांच्या समोर बसून मी ते ऐकून घेतलेलं आहे.

स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक लांबट खोली. त्या खोलीला पूर्वी खिडकी होती, ती त्यांनी विटा लावून बुजवली, कारण सूर्य त्यांचं ऐकत नसे. आत तीन दिवे. मोठा दिवा उंच स्टँडवर, त्याच्यापुढे पांढरी छत्री, म्हणजे उजेड टोचत नाही, अंगावर ओघळतो. तो माणसाच्या डोळ्यांच्या थोडा वर आणि एका बाजूला ठेवायचा. दुसरा दिवा मंद, समोरून, सावल्या अगदी कोळशासारख्या होऊ नयेत एवढ्यापुरता. तिसरा पाठीमागे लपवलेला, तो केसांवर आणि खांद्यांवर एक कड काढायचा, त्यामुळे माणूस मागच्या पडद्यात बुडत नसे. कोपऱ्यात थर्माकोलचा एक पांढरा तुकडा असायचा, उजेड परतवायला. आणि एक काळं कापड, उजेड गिळायला. एवढ्या सामानावर त्या माणसाने अर्धं गाव देखणं करून दाखवलं.

जेवताना त्यांच्याकडून हेच सगळं ऐकायला मिळायचं. नाकाची सावली ओठाला शिवता कामा नये. डोळ्यांत दिव्याचा ठिपका हवाच, नाहीतर डोळा मेलेला दिसतो. दिव्यापासून लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडला की समजायचं, दिवा जागेवर आहे. टकलू माणूस आला की केसांचा दिवा बंद. चष्मा असला की मोठा दिवा आणखी वर, म्हणजे काचेवर चकाकत नाही. रुंद चेहरा असेल तर कॅमेऱ्याजवळचा गाल अंधारात टाकायचा, चेहरा आपोआप बारीक होतो. त्यांच्या मते प्रत्येक माणसाला एक चांगली बाजू असते आणि एक दुसरी. वाईट बाजू असं ते म्हणत नसत, तेवढी सभ्यता होती. चांगली बाजू दिव्याकडे, दुसरी सावलीकडे, झालं काम. बँकेतला तिरळा साहेब, सुजट डोळ्यांची मुख्याध्यापिका, ओठ फाटलेला लोहार, सगळे त्यांच्या दारातून रुबाबदार होऊन बाहेर पडले. लोहार तर फोटो बघून म्हणाला, हा माणूस मला भेटला असता तर मी त्याला उधार दिलं असतं.

आता ताईची गोष्ट सांगते.

ताईच्या उजव्या गालावर जन्मापासून एक जांभळा डाग होता. डोळ्याखालून सुरू होऊन जबड्यापर्यंत, आणि एक फाटा कानाकडे गेलेला. तिच्याकडे बघणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा तो डाग बघायचा, मग आपण बघितलं म्हणून ओशाळायचा, आणि मग उगाच पायाकडे बघत बोलायचा. मला मात्र लहानपणी त्यात काही वेगळं वाटलंच नाही. मी तिच्या उजव्या कुशीला झोपायची, त्यामुळे माझ्या नाकासमोर तोच गाल असायचा. ती हसली की त्या डागाच्या बरोबर मध्यावर एक खळी पडायची. डाव्या गालालाही पडायची, पण उजवीकडची जास्त खोल. मी त्या खळीत बोट घालून बसायची आणि ताईला म्हणायची, हस, नाहीतर बोट पडेल. ती हसायची.

ती कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढायला भावोजींच्या स्टुडिओत गेली. तेव्हा ते तरुण होते, वडिलांच्या हाताखालून नुकतेच मोकळे झालेले. आधीच्या फोटोवाल्यांनी तिला समोर बसवून झगझगीत उजेड मारला होता, आणि ते फोटो तिने फाडून टाकले होते. यांनी तिला थोडं वळवून बसवलं. मोठा दिवा तिच्या डाव्या हाताला. उजव्या गालाच्या बाजूला ते काळं कापड टांगलं, म्हणजे तिकडे चुकून एक कवडसाही परतू नये. फोटो हातात आला तेव्हा ताई काउंटरपाशीच रडायला लागली. घरी आणून तिने तो आईला दाखवला, मला दाखवला, आरशाजवळ धरून पाहिला. डाग नव्हता. खोडला नव्हता, पुसला नव्हता, फक्त अंधारात गेला होता. आईही रडली. मी म्हणाले की अर्धीच ताई आलीय, तेव्हा आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

पुढे त्यांचं लग्न झालं. सगळ्यांना वाटलं, पोरीने नशीब काढलं. मलाही वाटलं. या माणसाने तिचं दुःख ओळखलं आणि त्यावर इलाज केला, असंच आम्ही सगळे बोलत होतो. इलाज कुणाच्या दुःखावर झाला हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

लग्नानंतर भावोजींनी तिचा एक मोठा फोटो काढला. तो आजवरचा त्यांचा सगळ्यात चांगला फोटो, असं ते शेवटपर्यंत म्हणत. डाव्या गालावर छत्रीतून आलेला दुधासारखा उजेड, डोळ्यात ठिपका, केसांवर कड, आणि उजवी बाजू हळूहळू काळोखात विरलेली. तो त्यांनी दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. गिऱ्हाईक आत आलं की विचारायचं, कोण हो ही, नाटकात वगैरे काम करते का? आणि ताई तिथेच काउंटरवर बसलेली असायची, पावती फाडत, पाकिटात फोटो भरत, पूर्ण चेहऱ्यानिशी. माणूस तिलाच विचारायचा आणि तिला ओळखायचा नाही. ती म्हणायची, "आहे कुणीतरी."

पहिल्या पहिल्यांदा ती हे मला हसून सांगायची. आमची ती मोठी गंमत होती. पुढे सांगेनाशी झाली. मी एकदा दुकानात असताना कुणीतरी तोच प्रश्न विचारला आणि ताईने तेच उत्तर दिलं, पण पाकीट मिटताना तिचा हात जरा जोरात पडला. भावोजी आतून बाहेर आले, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून फोटोकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाले की सगळा खेळ उजेडाचा आहे. ती माझी बायको आहे, असं ते म्हणाले नाहीत. समोर बसली होती ना ती, मग सांगायला काय झालं होतं? मी त्यांना तिथेच विचारलं असतं, पण ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी मूग गिळून बसले.

त्यांना मूलबाळ झालं नाही. घरात दोघंच. जेवायला भावोजी नेहमी तिच्या डावीकडे बसत. फिरायला जाताना डावीकडे. झोपायची बाजूही तीच, हे ताईनेच मला एकदा सांगितलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. ते मुद्दाम करतात असं नाही गं, त्यांना तशी सवय झालीय, असं वर तीच समजावत बसली. डागाबद्दल ते एक अवाक्षर काढत नसत. चांगलं नाही, वाईट नाही. घरात तो शब्दच नव्हता. लोकांना यात मोठेपणा दिसायचा. मला त्याची चीड यायची, पण चीड येण्यासारखं त्यांनी केलंय काय असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आणि ताईलाही सवय लागली. कुणी कॅमेरा उचलला की तिची मान आपोआप वळायची. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, माझ्या पोरींनी ऊठसूट मावशीचे फोटो काढले, पण एकातही उजवा गाल नाही. बोलता बोलता नकळत काढायला जावं तरी ती वळलेली. ओळखपत्राला समोरून फोटो लागतो, तो भावोजींनी घरीच काढला आणि कॉम्प्युटरवर बसून गाल साफ करून दिला. म्हणजे सरकारदरबारीही माझ्या बहिणीला डाग नव्हता.

एकदा मात्र तिने तोंड उघडलं. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. मी तिथेच होते. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही तिघं चहा पीत होतो. ती स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, "माझा एक समोरून काढा. आहे तसा."

भावोजी हसले. म्हणाले, "समोरून काढलेला फोटो म्हणजे पोलिसांनी काढलेला फोटो. चेहऱ्याला काही अर्थच राहत नाही."

"नसू दे अर्थ. काढा."

ते उठले. मोठा दिवा आणून कॅमेऱ्याच्या बरोबर वर ठेवला. थर्माकोल खाली लावलं. आता कुठे सावलीला जागाच नव्हती. ताई सरळ बसली, हात मांडीवर, आणि मी बघत होते की ती मान वळू नये म्हणून किती जोर लावून बसलीय. भावोजींनी कॅमेऱ्यातून पाहिलं. मग ते पुढे आले, हनुवटी जरा खाली म्हणाले, मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि दिव्याचा स्टँड जरासा तिच्या डावीकडे नेला. मग आणखी जरासा. शेवटी कोपऱ्यातलं काळं कापड काढून एका खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि ती खुर्ची तिच्या उजव्या बाजूला सरकवली. ताईने ते सगळं पाहिलं. फोटो आला तो नेहमीसारखाच. ती उठून कप विसळायला गेली. मी भावोजींना म्हणाले, तिने काय सांगितलं होतं? तर ते स्वतःच गोंधळल्यासारखे झाले आणि म्हणाले, हात आपोआप गेला. खोटं बोलत नव्हते. त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतर तिने काही मागितलं नाही.

मग ताई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माझ्या पोरींची नावं. काउंटरवर बसली की एकाचे फोटो दुसऱ्याच्या पाकिटात जायचे. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. भावोजींनी तिची काळजी घेतली, नाही म्हणत नाही. दाराला वरून कडी बसवली, तिला हाताने जेवू घातलं, डावीकडे बसून. एका सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडलं आणि भांडं घेऊन ते आत गेले, तेवढ्यात ती बाहेर पडली. आमचं गाव उठायच्या आधीची पहिली बस तिने धरली असणार, कारण गावात तिला कुणी पाहिलं नाही. गावात पाहिली असती तर कुणीही हात धरून घरी आणून सोडली असती. गाव तिला चेहऱ्याने ओळखत होतं.

मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. का इतक्या उशिरा? कारण पहिला सगळा दिवस भावोजी पोलीस ठाण्यात जाऊन आल्यावर स्टुडिओत होते. हरवल्याची पत्रकं छापायची होती ना. काचेतला तो फोटो त्यांनी पुन्हा मोठा केला, त्यातला काळेपणा छापताना घाण होऊ नये म्हणून दोनदा नीट केला, छापखान्यात उभं राहून शाई बघितली. मग दुसऱ्या सकाळी ती पत्रकं चिकटवणाऱ्या माणसाला देऊन बसच्या मार्गावर सगळ्या थांब्यांवर लावून घेतली. मी मिळेल त्या गाडीने पोचले तेव्हा टेबलावर उरलेला गठ्ठा होता. इतकं सुंदर हरवल्याचं पत्रक मी जन्मात पाहिलं नाही.

मी विचारलं, "यात डाग कुठाय?"

ते म्हणाले, "चेहरा तोच आहे ना."

"ठाण्यात सांगितलात? अंगावर काही खूण आहे का, असं विचारतात ते."

ते गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा हळूच म्हणाले की साहेबांनी विचारलं होतं, पण त्यांनी सांगितलं, विशेष काही नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या बाईकडे बघताच आधी डाग दिसतो, तिचा नवरा ठाण्यात जाऊन सांगतो की खूण नाही. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिला लपवायचं म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं. तो शब्द त्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता, तर ठाण्यात कुठून येणार होता?

रात्रीच ठाण्यात जाऊन मी डाग लिहून घ्यायला लावला. साहेब नव्हते. शिपायाने लिहून घेतलं आणि त्या कागदावर चहाचा कप ठेवला. सकाळी मी एक जाडा काळा पेन घेतला आणि भावोजींना घेऊन बसने निघाले. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, पत्रक शोधायचं आणि फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहायचं, उजव्या गालावर मोठा जांभळा डाग आहे. पहिल्या पत्रकाला भावोजी म्हणाले, फोटोवर येऊ देऊ नकोस. मी मुद्दाम फोटोवर आणलं.

शेवटचा थांबा म्हणजे एक मोठं बसस्थानक. तिथे एका खांबाला पत्रक होतं, खांबाच्या बुडाशी लोखंडी बाक, आणि समोर चहाची टपरी. मी बाकावर चढून लिहीत होते तेव्हा टपरीवाला कपडा खांद्यावर टाकून पुढे आला आणि वाचू लागला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "डागवाली बाई? ती तर इथेच बसली होती, या बाकावर."

मी खाली उतरले. त्याने सगळं सांगितलं. परवा सकाळी ती पहिल्या बसमधून उतरली आणि इथे बसली. त्याने चहा दिला, पाव दिला. नाव विचारलं तर नुसती हसायची. रात्रीही इथेच होती, थंडीत, त्याने जाताना पोतं पांघरायला दिलं. काल सकाळी एक माणूस पत्रकं चिकटवायला आला, तेव्हा तिने बाकावर सरकून त्याला उभं राहायला जागा करून दिली. त्याने तिच्या डोक्यावर तिचाच फोटो लावला आणि निघून गेला.

"तुम्ही बघितलात ना फोटो?" मी विचारलं. "तुम्हाला ओळखू नाही आली?"

"अहो, फोटोतली बाई केवढी देखणी. आणि तिला कुठे डाग?" तो म्हणाला. मग त्याला आणखी आठवलं. "ती सारखी मान वर करून बघत होती फोटोकडे. मी विचारलं पण, ओळखता का हिला? तर म्हणाली, आहे कुणीतरी."

भावोजी बाकावर बसले. अगदी तिच्याच जागेवर, पत्रकाखाली. मी त्यांना तसंच सोडून टपरीवाल्याला विचारलं, आता कुठाय ती?

काल दुपारी ती तापाने फणफणली होती, म्हणून टपरीवाल्याने पोलिसांना बोलावून तिला दवाखान्यात पाठवलं होतं. आम्ही तिथे धावलो. वॉर्डातल्या नर्सबाईंना मी फोटो दाखवलाच नाही. आल्या आल्या डाग सांगितला, तशा त्या थबकल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. ताई पहाटेच गेली होती. छातीत कफ साठला होता आणि अंगात झगडायला काही उरलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या की काल आली तेव्हाच त्यांनी मोबाईलवर फोटो काढून सगळ्या ठाण्यांना पाठवला होता. आमच्या ठाण्यातही पोचला होता. तिथल्या साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले होते, हे मागाहून कळलं. एकीला डाग, दुसरीचा नवरा सांगतो खूण नाही, म्हणजे ही ती नव्हे. त्यांचं तरी काय चुकलं? संध्याकाळी ओळख पटली असती तर रात्री मी तिच्या उशाशी असते. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण एकटी नसती गेली.

नर्सबाईंनी तो फोटो आम्हाला दाखवला. पलंगावर उशीला टेकून बसलेली ताई. फ्लॅश समोरून, भिंत पांढरी, कुठे सावली नाही, हनुवटी वर. आणि ती सरळ बघतेय. मान वळवायची असते हेही ती विसरली होती. नर्सबाईंनी काहीतरी म्हटलं असणार, कारण ती हसत होती.

भावोजींनी खूप वेळ बघून मोबाईल परत दिला. म्हणाले, "फ्लॅश समोरून मारलाय." एवढंच. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली, नाहीतर हात उचलला गेला असता.

ते सगळं उरकल्यावर भावोजींच्या घरातल्या भिंतीवर काचेतलाच फोटो लागला. लोक भेटायला आले, फोटोकडे बघून अगदी खरी वाटते म्हणाले. मी नर्सबाईंकडून तो दुसरा मागून घेतला होता. माझ्या शहरात एका टिचभर दुकानात तो छापून घेतला, चौकट केली आणि मशीनसमोरच्या भिंतीवर लावला. शिवताना मान वर केली की ती दिसते. भावोजींना मी हे कळवलं नाही आणि बरेच महिने आमचं बोलणंही नव्हतं.

परवा ते आले. न सांगता, पिशवी घेऊन, वाळून गेलेले. स्टुडिओ चालू आहे म्हणाले, पण माणसं आता मोबाईलवरच भागवतात. मी पाणी दिलं. बोलता बोलता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा अर्धा ओढला. काचेवर चकाकी येतेय, म्हणाले. पडद्याची सावली चौकटीच्या अर्ध्या भागावर पडली. कुठल्या अर्ध्यावर ते सांगायला नकोच.

मी उठले आणि पडदा पार बाजूला सारला. आजवर जे त्यांना सरळ कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "बघा. तुम्हाला बघावंच लागेल."

ते चौकटीजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी नाक लागेल इतक्या जवळून बघायला लागले. मला वाटलं, आता दिव्याबद्दल काहीतरी बोलतील. बोलले असते तर मी त्यांना घराबाहेर काढणार होते. त्यांनी एक बोट उचललं आणि काचेवर टेकवलं, डागाच्या बरोबर मध्यावर.

"हिला या गालाला पण खळी पडायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो. पहिल्यापासून."